वर्गातल्या विसाव्याच्या जागेचं साहित्य: तयार खोका घ्यावा की सुट्या वस्तू?

पहिली ते चौथीच्या वर्गात रोज कुणीतरी रडतं, कुणी रुसतं, कुणी बाकाखाली जाऊन बसतं, कुणी कंपासपेटी भिरकावतं. अशा मुलाला वर्गाबाहेर न काढता सावरायला पाच मिनिटं द्यावीत, वर्गातच एक जागा आणि हाताशी चार वस्तू असाव्यात, म्हणून हल्ली 'भावना संच' किंवा 'काम डाउन किट' (म्हणजे शांत होण्याचा संच) अशा नावांचे खोके विकायला आले आहेत. ते ऑनलाइन मिळतात. त्यातल्या बहुतेक वस्तू क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या दुकानांत सुट्याही मिळतात. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या खोक्याचं नाही. अशा खोक्यांत जे हमखास असतं, ते मुंबईतल्या वर्गात कितपत चालतं हे इथे पाहिलं आहे: पस्तीस-चाळीस मुलं, एकच बाई, दमट हवा आणि पुष्कळ ठिकाणी दोन पाळ्यांना मिळून एकच खोली.

मत आधीच सांगतो. तयार खोका घेऊ नये. त्यात वीस-पंचवीस वस्तू असतात. त्या मांडल्या की ती खेळायची जागा होते, ज्याला गरज आहे ते मूल मागे राहतं, बाकीचे रांग लावतात, आणि थोड्याच दिवसांत बाई वैतागून सगळं कपाटात टाकतात. एका वर्गाला पाच-सहा वस्तू पुरतात आणि त्यातल्या काही शाळेतच करता येतात. दुसरं म्हणजे, जी वस्तू मुलाने शांत असताना कधी हाताळलेली नाही, ती रडण्याच्या ऐन वेळी हातात देऊन काही होत नाही. तेव्हा त्याला नवीन काही शिकता येत नाही. म्हणून कुठलीही वस्तू विकत घेताना विचार एवढाच करायचा की ही मुलांना आधी शिकवायला बाईंना रोज तीन मिनिटं पुरतील का.

आधी जागेचं. कोपऱ्यात उभं करणं ही आपल्याकडची जुनी शिक्षा, आणि मुलांनी ती घरच्यांकडून ऐकलेली असते. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. 'जा तिकडे आणि गप्प बस' म्हणून मुलाला पाठवलं की विसाव्याची जागाही शिक्षेचीच होते. मुलाने स्वतः उठून जावं, नाहीतर बाईंनी विचारावं, "थोडा वेळ तिथे बसतोस का?" तो नको म्हणाला तर नको. बसल्यावर तोंड भिंतीकडे नसावं, आणि बाईंना फळ्यापासून तो दिसत राहावा. दाराशेजारची जागा ये-जा असल्याने निरुपयोगी. पंख्याखालची मिळाली तर फार चांगलं, कारण ऑक्टोबरमध्ये आणि मार्चनंतर घामाघूम झालेलं मूल सहज शांत होत नाही.

खोक्यांबरोबर विकतात ते छोटे तंबू घेऊ नका, आत काय चाललंय ते दिसत नाही. फोमच्या गाद्यांना जुलैपर्यंत कुबट वास येतो. सतरंजीचं एक आसन आणि झाकणाचा साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचा प्लास्टिकचा डबा पुरतो. दुपारच्या पाळीचा वर्ग आत येण्याआधी डबा कपाटात गेला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्म्या वस्तू सापडणार नाहीत.

आता भावनांची कार्डं. संचातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच आणि सगळ्यात निष्काळजीपणे केलेलीही हीच. तीस-तीस कार्डं, त्यांवर पिवळे गोल चेहरे. सहा वर्षांच्या मुलासमोर तीस चेहरे ठेवले तर ते हाताला येईल ते उचलतं. शिवाय या वयात घाबरलेला आणि चकित झालेला चेहरा मुलं सहज एकमेकांत मिसळतात, किळस आणि रागाचंही तसंच होतं. खाली छापलेले शब्दही 'चिंताग्रस्त', 'निराश' असे, जे ते मूल कधी बोलत नाही. ते म्हणतं, "पोटात कसंतरी होतंय", "छातीत धडधडतंय", "मला नाही बोलायचं". कार्डावर हेच हवं.

त्यामुळे कार्डं वर्गातच करावीत, आणि चेहऱ्याऐवजी प्रसंग काढावेत. शेजारच्याने खोडरबर घेतलं आणि परत दिलं नाही. डबा खायला कुणी जवळ बसवून घेतलं नाही. शाळा सुटली, सगळे गेले, आणि आई अजून फाटकाशी आलेली नाही. चित्रं मुलांनीच काढलेली असली की ती ओळखीची राहतात. एका ए-फोर कागदातून दोन कार्डं निघतात, तो आकार लहान हाताला बरा पडतो. मागच्या बाजूला शरीराची एक बाह्याकृती काढावी, म्हणजे कुठे दुखतंय, कुठे घट्ट वाटतंय ते मुलाला बोट ठेवून दाखवता येतं. लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचं करा आणि कापताना कागदाच्या चारी बाजूंना किमान ५ मिलिमीटर प्लास्टिक सोडा. कडेला लागून कापलं की पावसाळ्यात ओल आत शिरते, थर सुटतात आणि ऑगस्टपर्यंत कार्डं फुगतात. टोकं गोल करून घ्या.

सुरुवात चारच कार्डांनी करावी: आनंद, राग, रडू, भीती. रोज एक कार्ड, हजेरी झाल्यावर तीन मिनिटं. 'असं कधी झालं होतं?' एवढंच विचारायचं, दोन-तीन मुलं बोलली की पुरे. दिवाळीनंतर लाज, रुसवा, कंटाळा, हेवा यांची भर घालता येते. तिसरी-चौथीला बारापर्यंत चालतात, त्यापुढे गर्दी होते. रडणाऱ्या मुलाला मात्र कार्ड दाखवून 'का रडतोस?' विचारू नये. बहुतेकांना कारण सांगता येत नाही आणि आपण पकडले गेलो असं वाटतं. "यातलं कोणतं?" एवढं पुरतं, उत्तर नुसत्या बोटाने दिलं तरी चालतं. आणि त्याच्याही आधी, सकाळच्या पाळीत तर नक्कीच, "काही खाल्लंस का?" हे विचारावं. उपाशीपोटी आलेल्या मुलाची चिडचिड कार्डाने जात नाही.

काही संचांत कप्प्यांचा तक्ता येतो. मुलांनी सकाळी आपल्या नावाची काडी आपल्याला वाटेल त्या चेहऱ्याच्या कप्प्यात ठेवायची. कल्पना चांगली आहे, अडचण मांडणीची. तक्ता सगळ्यांसमोर असला की मुलं मित्राची काडी पाहून आपली ठेवतात, आणि 'भीती'त ठेवणाऱ्याला मधल्या सुट्टीत चिडवतात. तक्ता दाराच्या आतल्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर लावा, म्हणजे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर. काड्यांवर फक्त हजेरी क्रमांक लिहा, आणि रांगेने आत येतानाच काडी ठेवायला सांगा. चाळीस जणांना एकेक करून जाग्यावरून बोलावलं तर सगळा वेळ त्यातच जातो. बाईंनी सगळे चेहरे वाचायची गरज नाही. रडू आणि भीती हे दोन कप्पे पाहायचे, आणि एकच क्रमांक तिथे लागोपाठ तीन दिवस दिसला की त्या मुलाशी निवांत बोलायचं.

चमकीची बाटली विकत घेऊ नका, करा. विकतच्या बाटलीची चमकी बहुधा फार लवकर खाली बसते, आणि झाकण गळतं. ५०० मिलिलिटरची जाड, न चेपणारी प्लास्टिकची बाटली घ्या. काच अजिबात नको. ३५० मिलिलिटर कोमट पाण्यात १०० मिलिलिटर पारदर्शक गोंद नीट ढवळून घ्या. पांढरा गोंद वापरला तर पाणी दुधासारखं होतं आणि आतलं काही दिसत नाही. मग एक ते दीड चमचा चमकी. ती वरच तरंगत राहिली तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी झाला की ती बुडायला लागते. पाणी उकळतं घेऊ नका, बाटली वाकडी होते.

झाकण चिकटवण्याआधी चाचणी घ्या. हलवून ठेवल्यावर चमकी पूर्ण बसायला एक ते दीड मिनिट लागायला हवं. लवकर बसली तर गोंद वाढवा, फार रेंगाळली तर थोडं कोमट पाणी. मनासारखं झालं की बाटलीच्या तोंडाचे आटे कोरडे पुसून त्यांवर दोन ट्यूबांचा इपॉक्सी गोंद लावा, झाकण घट्ट फिरवा आणि बाटली २४ तास उभी ठेवा. झटपट चिकटणारा गोंद इथे चालत नाही. तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि बाटली एकदा पडली की तडकतो.

ही बाटली मूल हातात घेऊन बसतं तेव्हा कुणी त्याच्याशी बोलू नये. नजर हळू सरकणाऱ्या गोष्टीवर राहिली की श्वासही हळूहळू संथ होतो. श्वास मुद्दाम शिकवायचा तर एकच प्रकार पुरे: फुलाचा वास घ्यायचा आणि मग मेणबत्तीची ज्योत हलेल पण विझणार नाही अशी लांब फुंकर घालायची, तीन-चार वेळा. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात. पोस्टरांवर छापलेले श्वास रोखून धरायचे आकडे मोठ्यांसाठी आहेत, लहान मुलं त्यात धापा टाकतात.

वाळूचं घड्याळ घ्या, पण निवडून. पहिली-दुसरीला ३ मिनिटांचं, पुढे ५ मिनिटांचं. स्वस्त प्लास्टिकच्या नळीत वाळू कडेला चिकटून मध्येच थांबते, म्हणून दुकानातच तीन-चारदा उलटून पाहा. पाच-दहा सेकंदांचा फरक पडला तर बिघडत नाही. काचेची नळी असेल तर बाहेर प्लास्टिकचं कवच हवं. बीप वाजणारं डिजिटल घड्याळ नको, त्याच्या आवाजाने सगळा वर्ग मागे वळून पाहतो.

दाबायच्या वस्तूंबाबत सावध राहायला हवं. साधा स्पंजचा चेंडू उत्तम. पारदर्शक, आत रंगीत पाणीदार मणी असलेले चेंडू घेऊच नका. ते फुटतात, आणि ते मणी पोटात गेले तर फुगून आतडं अडवू शकतात. फुग्यात मैदा भरून केलेले चेंडूही नकोत. रबराचा फाटका तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. दिवे लागणाऱ्या वस्तूंत बटणासारखी बॅटरी असते, ती गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका जळते. बोटाने दाबायचे रबरी फुगवटे धोक्याचे नाहीत, पण त्यांचा पटपट आवाज शेजारच्यांना सोसवत नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. सुट्या मालाच्या टोपल्यांतल्या वस्तूंवर ते नसेल तर ती वस्तू स्वस्त असली तरी सोडा.

मांडीवर ठेवायची वजनदार उशी काही मुलांना फार उपयोगी पडते, विशेषतः जी एका जागी बसूच शकत नाहीत त्यांना. वजन मुलाच्या वजनाच्या पाच ते सात टक्क्यांच्या आसपास असावं, म्हणजे २० किलोच्या मुलाला १ ते दीड किलो. संचातली वजनदार पांघरुणं मुंबईच्या उकाड्यात निरुपयोगी आहेत. उशी घरी शिवायची तर सुती कापडाच्या दुहेरी पिशवीत धुऊन वाळवलेले बारीक गोल खडे भरा. तांदूळ किंवा कडधान्य भरलं तर पावसाळ्यात कीड लागते आणि मागोमाग उंदीर येतात. वरचं कव्हर काढून धुता यावं, आणि कव्हरं दोन असावीत. उशी मांडीवरच ठेवायची, छातीवर किंवा मानेवर कधीच नाही, आणि मुलाला ती स्वतः बाजूला सारता आली पाहिजे.

रेल्वेमार्गाला, मोठ्या रस्त्याला किंवा चालू बांधकामाला लागून असलेल्या शाळांत आवाज अडवणारा कानपट्टा फार कामाचा. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर दुकानांत कामगारांसाठीचे मिळतात, पण ते लहान डोक्याला सैल बसतात किंवा पट्टा कपाळावर घसरतो. लहान मापाचा घ्यावा, आणि प्रत्येक मुलानंतर कानावरच्या गाद्या स्पिरिटने पुसाव्यात. दहा-पंधरा मिनिटांच्या वर घालू देऊ नये.

मुलांनी मनातलं लिहून टाकायच्या चिठ्ठ्यांच्या पेटीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. संचात येते ती हसऱ्या चेहऱ्याची पुठ्ठ्याची पेटी, कुलूप नाही, आणि फट इतकी रुंद की चौथीतल्या मुलाचा हात आत जातो. दुसऱ्याची चिठ्ठी एकदा बाहेर आली आणि वाचली गेली की ती पेटी पुन्हा कुणी वापरत नाही. शाळेत तक्रारपेटी असते, पण ती बहुधा कार्यालयाशी, मोठ्यांच्या उंचीवर. वर्गातली पेटी वेगळी हवी: पत्र्याची किंवा लाकडी, कुलपाची, फट एक सेंटिमीटरची, जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर.

ती रोज शाळा सुटल्यावर उघडावी. काही संचांच्या पुस्तिकेत 'दर शुक्रवारी उघडा' असं लिहिलेलं असतं, ते पाळू नका. सोमवारी कुणीतरी मारल्याचं लिहिलेली चिठ्ठी शुक्रवारपर्यंत आत पडून राहता कामा नये. चिठ्ठी निनावी ठेवली तर मदत कुणाला करायची तेच कळत नाही, म्हणून हजेरी क्रमांक हवा. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढावं. चिठ्ठीवर आधीच तीन खुणा छापून घ्याव्यात: 'फक्त सांगायचंय', 'बोलायचंय', 'आत्ता मदत हवी'. आठवड्यातून एकदा सगळ्याच मुलांनी चिठ्ठी टाकायची, ज्याला काही सांगायचं नाही त्याने फूल काढायचं. म्हणजे पेटीकडे जाणारं मूल एकटं पडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या मुलाशी एक शब्द तरी बोलायलाच हवा. उत्तर नाही मिळालं की मूल लिहिणं सोडतं.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी: "तू लिहिलेलं मी वर्गात सांगणार नाही. पण तुला कुणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर मदतीसाठी मी मोठ्यांना सांगेन." लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तो निर्णय शाळेच्या मर्जीवर सोडलेला नाही. मुलाला पुन्हापुन्हा खोदून विचारू नये. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक पेटीच्या बाजूला, मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असावा.

हातमोज्यांसारख्या बाहुल्या स्वस्त आणि गुणी. जे मूल बाईंशी बोलत नाही ते बाहुलीशी बोलतं. तोंड उघड-मिट करणारी एकच घ्या, बोटांवर घालायच्या पाचही सुट्या लवकर हरवतात. मूड नोंदवायची मोबाइल ॲप प्राथमिक वर्गाला नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती अपेक्षित आहे, आणि बाईंना जे डोळ्यांनी दिसतं त्यात ॲप काही भर घालत नाही.

खोक्याबरोबर विक्रेते शिक्षकांची कार्यशाळाही देऊ करतात. ती घ्यायची तर आधी तीन गोष्टी विचारा. प्रत्यक्ष मुलांच्या वर्गात करून दाखवणार का, महिन्याभराने पुन्हा येणार का, आणि बाई ज्या भाषेत शिकवतात त्या भाषेत बोलणार का. तिन्हींना हो नसेल तर ते पैसे वाचवा. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव सांगणारी चाचणी कुणी सोबत देत असेल तर सरळ नकार द्या, तिला शास्त्रीय आधार नाही.

या वस्तूंनी भागणार नाही अशी मुलंही वर्गात असतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, खेळणं बदललेलं, शाळेच्या सकाळीच पोट दुखणारं, पूर्वी नव्हतं आणि आता कपडे ओले होऊ लागलेलं, स्वतःला इजा करायची भाषा बोलणारं मूल दिसलं तर पालकांना बोलावून पुढे पाठवायला हवं. भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये याच शहरात सुरू झालं, आणि आज केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली. पालकांसमोर 'तुमच्या मुलात दोष आहे' असं न बोलता काय दिसलं, किती दिवस दिसलं एवढंच सांगावं. जे दिसलं ते तारखेसह वहीत लिहून ठेवलेलं असलं की इथे कामी येतं.

खरेदी जूनआधी करावी. क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला सीएसएमटी किंवा मशीद स्टेशनवरून चालत जाता येतं, रविवारी मात्र घाऊक दुकानं बहुधा बंद. एका वर्गाची कार्डं, बाटली, घड्याळ, स्पंजचा चेंडू, उशी, कुलपाची पेटी आणि डबा मिळून हजार-बाराशेच्या आसपास बसतं. पैसे कमी असतील तर आधी कार्डं आणि पेटी घ्या, बाटली महिन्याभराने करा, कानपट्टा शाळा आवाजाच्या जागी असेल तरच. शाळेत चार वर्ग असले तरी कानपट्टा आणि बाहुली एकेकच पुरते, पण कार्डं आणि पेटी प्रत्येक वर्गाची वेगळी हवी.